खिन्न विजेता

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर उत्तर समुद्राच्या काठी अबर्डीन नावाचे शहर वसले आहे. तेथील घरे करड्या ग्रॅनाइट दगडाची आणि वारा बोचरा. त्या काळी तेथील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ मासेमारीवर चाले. अशाच एका कुटुंबात २४ फेब्रुवारी १९४० रोजी डेनिस लॉ याचा जन्म झाला. सात भावंडांत तो शेंडेफळ. वडील मासेमारीच्या बोटीवर कामाला असल्यामुळे दिवसचे दिवस समुद्रावर असत. घरची परिस्थिती इतकी बेताची, की बाराव्या वर्षापर्यंत डेनिस अनवाणीच हिंडे. फुटबॉल खेळण्याचे पहिले बूट त्याला मिळाले, तेही शेजारच्या घरून.

दारिद्र्याच्या जोडीला एक व्यंगही होते. त्याचा एक डोळा तिरळा होता. चष्मा लावून मैदानात उतरणे शक्य नव्हते. म्हणून तो एक डोळा मिटून खेळे. १९५५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो इंग्लंडमधील हडर्सफील्ड संघाकडे गेला, तेव्हा त्या काडीसारख्या बारीक, चष्मेवाल्या पोराकडे पाहून हा नामांकित खेळाडू होईल असे कोणालाही वाटले नसते. परंतु चेंडू पायाशी येताच हे मत बदलावे लागे. पुढे शस्त्रक्रियेने त्याचा डोळा सरळ झाला, आणि जणू अर्धे मैदान त्याला नव्याने लाभले! सोळाव्या वर्षी तो हडर्सफील्डच्या मुख्य संघातून खेळला, तर अठराव्या वर्षी, १९५८ मध्ये, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघातून.

१९६० साली मँचेस्टर सिटी या संघाने ५५,००० पौंड मोजून त्याला आपल्याकडे घेतले. तेथे घडलेला एक प्रसंग मोठा विलक्षण आहे. २८ जानेवारी १९६१ रोजी ल्यूटन संघाविरुद्धच्या सामन्यात लॉने एकट्याने सहा गोल केले. परंतु पावसाने मैदानात तळे साचले, आणि ६९ व्या मिनिटाला पंचांनी सामना रद्द केला. ते सहाही गोल हिशेबातून पुसले गेले. काही दिवसांनी तोच सामना पुन्हा खेळला गेला, तेव्हा सिटीचा ३–१ असा पराभव झाला; आणि सिटीचा तो एकमेव गोलही लॉचाच होता. केलेले श्रम असे पाण्यात गेले, तरी त्याची गोलाची भूक मंदावली नाही.

इटलीतील तोरिनो संघात एक वर्ष काढल्यावर १९६२ मध्ये तो १,१५,००० पौंडांच्या मोबदल्यात मँचेस्टर युनायटेड संघात आला. १९५८ साली म्यूनिक येथील विमान अपघातात या संघाचे आठ खेळाडू मृत्युमुखी पडले होते, आणि स्वतः त्या अपघातातून वाचलेले व्यवस्थापक मॅट बझ्बी उद्ध्वस्त संघाची पुन्हा उभारणी करीत होते. त्या उभारणीत लॉचा वाटा फार मोठा आहे. तो काही उंचापुरा नव्हता. पण चेंडू हवेतून येताच अशी उसळी घेई, की धिप्पाड रक्षकही खाली राहत. गोल झाला, की बाहीचे टोक मुठीत धरून तो एक हात आकाशाकडे उंचावी आणि हजारो प्रेक्षक त्याच्या नावाचा गजर करीत. त्यांनी त्याला 'राजा' म्हणूनच गौरविले. युनायटेडसाठी त्याने ४०४ सामन्यांत २३७ गोल केले. १९६४ साली युरोपातील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूला दिला जाणारा सुवर्णचेंडू त्याला मिळाला. मात्र १९६८ मध्ये संघाने युरोपीय चषक जिंकला, तेव्हा गुडघ्याच्या दुखण्यामुळे तो रुग्णालयात होता. ज्या विजयासाठी इतकी वर्षे झिजला, तो त्याला खाटेवरूनच पाहावा लागला.

१९७३ साली युनायटेडने त्याला मोकळे केले, आणि तो पुन्हा सिटीकडे परतला. २७ एप्रिल १९७४ रोजी हे दोन संघ युनायटेडच्याच मैदानावर समोरासमोर आले. युनायटेडची दशा त्या वर्षी केविलवाणी झाली होती. पहिल्या श्रेणीतून खाली घसरण्याचे संकट त्यांच्यासमोर उभे होते. सामना संपत आला, तरी कोणाचाही गोल झाला नव्हता. इतक्यात गोलासमोर चेंडू लॉकडे आला. त्याची पाठ गोलाकडे होती. त्याने टाचेने चेंडू मागे ढकलला, आणि तो सरळ जाळ्यात गेला!

सोबती आनंदाने धावत आले. पण लॉचा हात त्या दिवशी आकाशाकडे उंचावला नाही. मुखावर हास्याची रेषाही उमटली नाही. खाली मान घालून तो चालू लागला, आणि लगेच त्याच्या जागी दुसरा खेळाडू उतरविण्यात आला. साखळी सामन्यांतील त्याचा हा अखेरचा गोल ठरला. युनायटेड खालच्या श्रेणीत गेले. वस्तुतः इतर सामन्यांचे निकाल असे लागले होते, की युनायटेडने तो सामना जिंकला असता, तरी त्यांची घसरण टळली नसती. तरीही आपल्या जुन्या संघाला आपल्याच हातून घाव बसला, हे शल्य लॉच्या मनात पुढे कित्येक वर्षे राहिले.

त्याच वर्षी विश्वचषकात स्कॉटलंडकडून एक सामना खेळून त्याने निवृत्ती पत्करली. स्वदेशासाठी ५५ सामन्यांत त्याने ३० गोल केले होते. केनी डॅल्ग्लिश याने पुढे तेवढेच गोल केले, परंतु त्याला १०२ सामने लागले. २०२१ साली अबर्डीनमध्ये लॉचा पुतळा उभारण्यात आला. १७ जानेवारी २०२५ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

त्या एप्रिलच्या दिवशी लॉपुढे दोन कर्तव्ये होती. ज्या संघाचा पोशाख अंगावर होता, त्याच्यासाठी प्राणपणाने खेळणे हे एक. ज्या संघाने अकरा वर्षे प्रेम दिले, त्याचे ऋण न विसरणे हे दुसरे. त्याने चेंडू अडखळू दिला नाही, आणि विजयाचा उन्मादही केला नाही. शेकडो गोलांनंतर उंचावलेला त्याचा हात लोकांच्या स्मरणात आहे. परंतु न उंचावलेल्या हाताने त्याच्या मनाची जी थोरवी दाखविली, ती आकड्यांच्या कोणत्याही कोष्टकात मावणारी नाही.