पडवीतलं मशीन

आमच्या पडवीत, इरलं आणि कोयत्या यांच्या मधल्या खुंटीला लाकूड कापायचं एक मशीन टांगलेलं आहे. पंपाला पंप म्हणतात, मिक्सरला मिक्सर. हे मात्र घरात नुसतं 'मशीन'. वर्षातले साडेतीनशे दिवस ते खुंटीवर असतं. उरलेल्या पंधरांपैकी काही दिवस ते चालू व्हायला नकार देतं.

स्वभाव म्हणाल तर अगदी मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्याचा. आल्या दिवशी उत्साह दांडगा, सगळी वाडी दोन दिवसांत साफ करतो म्हणणार. दोन तासांनी तळहाताला फोड, चौथ्या दिवशी परतीची गाडी. माणूस वाईट नव्हे. त्याला वर्षभराचं काम सांगू नये, एवढंच.

याच्या उलट वाडीतल्या एका पोराचा 'कटर'. तो 'मशीन' कधी म्हणत नाही, कटरच म्हणतो, तेही 'माझा कटर' असं. या कटरशी माझी खरी ओळख झाली ती निसर्ग वादळानंतर. ३ जून २०२० ला वादळ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर चढलं आणि दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या करून गेलं. आमच्या पाणंदीत शेजाऱ्यांचा जुना रायवळ आंबा पडला होता. पलीकडची चार घरं आंब्यामागे अडकली. कुऱ्हाडीने आम्ही दोघातिघांनी अर्धा दिवस घाम गाळला आणि बुंध्याला उंदराने कुरतडल्यासारखी खाच पाडली. मग तो पोरगा आला. दोरीला दोन हिसके, आणि तासाभरात पाणंद मोकळी. त्यानंतर पावसाळाभर तो कटर मी खाली ठेवलेला पाहिला तो फक्त पेट्रोल ओतताना आणि कानस फिरवताना.

मला वाटलं, त्याचं इंजिन माझ्या मशीनच्या दुप्पट असणार. माझं मशीन वादळानंतरच्या हौसेत घेतलेलं. चौकशी केली तर दोन्ही ५० सीसीच. वजनातही पाव-अर्ध्या किलोचाच फरक. मग एक ओंडका कापताना पोळीवर सुरी फिरवावी तसा का जातो आणि दुसरा धापा का टाकतो?

फरक पोटात आहे. घरगुती मशीन त्याच ५० सीसीतून सुमारे अडीच किलोवॅट काढतं, कटर तीनच्या आसपास. अर्धा किलोवॅट म्हणजे फार नाही असं कागदावर वाटतं. जाड फणसाच्या बुंध्यात चेनचा बार बुडाला की तोच अर्धा लागतो. घरगुती मशीनचं इंजिन बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या कवचात बसवलेलं असतं. कटरचा क्रँककेस मॅग्नेशियमचा, त्यावर सिलिंडर बोल्टने आवळलेला. पूर्ण रेसवर इंजिन मिनिटाला तेरा-चौदा हजार फेरे घेतं. तासन् तास हे फेरे घेताना जी उष्णता निघते ती धातू सहन करतो, बाहेरही टाकतो. शिवाय कटरचे दांडे इंजिनापासून स्टीलच्या स्प्रिंगांनी वेगळे केलेले असतात. स्वस्त मशीनमध्ये तिथे रबराचे तुकडे. एक दिवस काम करणाऱ्याला यात काही कळत नाही. रोज करणाऱ्याची बोटं काही वर्षांत सुन्न आणि पांढरी पडायला लागतात, तेव्हा कळतं. किंमत दीडपटीच्या वर का, याचं निम्मं उत्तर त्या स्प्रिंगांत आहे.

दोघांच्या तोंडात दात मात्र एकाच वंशाचे, आणि तो वंश किड्याचा आहे. कोकणात आंब्याच्या खोडात शिरणारं भिरूड ज्याने पाहिलंय, त्याला हे पटकन पटेल. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात जोसेफ बुफोर्ड कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ साली लाकडाच्या एका ओंडक्यात त्याने भुंग्याची अळी पाहिली. ती आडवं, उभं, कोणत्याही दिशेने लाकूड सहज खात चालली होती. तिचे इंग्रजी सी अक्षरासारखे वाकडे जबडे पाहून त्याने चेनचे दात बदलले आणि पुढच्याच वर्षी ती चेन विकायला काढली. आज जगभरच्या चेनमध्ये तोच घाट आहे. ती अळी आपल्या भिरुडाच्याच कुळातली. ज्या किड्याच्या मागे आम्ही तार घेऊन फिरतो, त्याच्याच भाऊबंदाने आमचं पडलेलं कलम कापून द्यावं, हा न्याय मला अजून पचलेला नाही.

पण दात तीक्ष्ण हवेत. चेन धारदार असली की ढलप्या उडतात. पिठासारखा भुसा पडायला लागला की थांबून गोल कानस काढायची. पोरगा दर दोन टाक्यांनी काढतो. मी काढत नाही, जोर देतो. जोर दिला की मशीन तापतं, आणि दोष आम्ही मशीनच्या लायकीवर टाकतो. माडाच्या खोडाचं तर विचारूच नका: बाहेरून दगड, आतून भुसभुशीत, काथ्यासारखे धागे झाकणात अडकून बसतात. तिथे कटरवालासुद्धा शिव्या घालतो. आणि बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू द्यायचा नाही. लागला की सबंध मशीन उसळून तोंडाकडे येतं. यात चाकरमानी आणि गाववाला असा भेद ते करत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मशीन काढलं तर ढिम्म. चोक ओढला, दोरी ओढली, खांदा दुखायला लागला. शेवटी पोराला बोलावलं. त्याने टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काका, हे पेट्रोल कधीचं?"

"मे महिन्यातलं असेल."

"हे काम करून नाही मेलं. बसून मेलं."

पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं; आणि कोकणातल्या पावसाळ्यात हवेत दुसरं असतंच काय! कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा कडक झाला होता, आत चिकट थर बसला होता. माझी लाज झाकायला म्हणून मी म्हणालो, की आता तुझ्यासारखा कटरच घेतो. शहरातल्या दुकानदाराने तसा हिशेबही मांडून दिला होता. त्याने एकच विचारलं होतं, झाड किती जाड?

पोरगा कार्ब्युरेटर फुंकत होता. मान वर न करता म्हणाला, "वर्षातनं दिवस किती लागतो तुम्हाला?"

मी मोजायला लागलो. शाकारणीच्या आधी दोन, वाळलेल्या फांद्यांचे तीन, एखादं पडलेलं झाड. ओढूनताणून अकरापर्यंत गेलो. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

"मग माझाच कटर असता तरी तो पण असाच बसून मेला असता," म्हणाला. "महागाचा मेला असता, एवढंच."

नवा पडदा आठवड्याने आला. एक लिटर पेट्रोलला वीस मिली टू-टी तेल, ताजं मिसळून त्याने टाकी भरली. तिसऱ्या हिसक्याला मशीन ओरडलं आणि पडवीतली मांजर माळ्यावर गेली.

आता काम संपलं की टाकी रिकामी करतो आणि आतलं संपेपर्यंत इंजिन चालू ठेवतो. शेवटी ते दोनदा खोकतं, मग गप्प. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कपभर ताजं घालून पाच मिनिटं चालवायचं ठरलंय. मांजरीला तो रविवार आधीच कळतो.