शेजारधर्माची शिस्त

वृद्धांसाठी काही करायचं म्हटलं की आपल्याकडे आधी आठवतं ते फळवाटप. कुणाच्या वाढदिवशी किंवा स्मृतिदिनी वृद्धाश्रमात जायचं, खाऊ द्यायचा, दोन गाणी म्हणायची आणि परतायचं. त्यातला जिव्हाळा खोटा नसतो. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर थोड्या तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची नळी स्वच्छ ठेवावी लागते. आणि हे सगळं निस्तरणारी बायको किंवा सून महिनोन्‌महिने घराबाहेर पडलेली नसते. तिला बँकेत जाऊन यायचं असेल, तर तेवढा वेळ खाटेजवळ बसायला कुणीतरी हवं असतं. ही गरज रोजची आहे, वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याकडून ती भागत नाही. चांगुलपणा आपल्या समाजात पुष्कळ आहे. त्याला वेळापत्रक, शिक्षण आणि जबाबदारी कशी लावायची, हा खरा प्रश्न आहे.

केरळने तो सोडवून दाखवला. 1993 साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाध्य आजारातल्या रुग्णांच्या वेदना कमी करण्यासाठी ‘पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी’ सुरू केली. काम वाढलं तसं ध्यानात आलं, की ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांनाच दवाखान्यापर्यंत येता येत नाही. शिवाय दुखणं नुसतं शरीराचं नसतं. कमावता माणूस पडला की घरातला तांदूळ संपतो, मुलांची शाळा सुटते, आणि त्यावर डॉक्टरांच्या चिठ्ठीत औषध नसतं. मग या शतकाच्या सुरुवातीला मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यांचंच जाळं विणलं जाऊ लागलं. आठवड्याला निदान दोन तास देऊ शकणाऱ्या कुणीही यावं. मात्र आधी 16 तासांचं प्रशिक्षण घ्यावं आणि जाणत्यांच्या देखरेखीखाली रुग्णांमध्ये काम करावं, असा दंडक ठेवला. पैसा बराचसा गावातल्याच लहानलहान देणग्यांतून जमला. 2010 साली इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटने 40 देशांतल्या अखेरच्या काळातल्या शुश्रूषेची तुलना केली, तेव्हा भारताचा क्रमांक शेवटचा लागला. त्याच अहवालात केरळची मात्र स्तुती होती: देशाची सुमारे 3 टक्के लोकसंख्या असलेल्या या राज्यात देशातल्या अशा सेवांपैकी दोनतृतीयांश सेवा चालत होत्या.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की लोकांनी फुकट काम केलं तर सरकार हात झटकून मोकळं होतं. ही भीती रास्त आहे. जिथे परिचारिकेची जागा रिकामी ठेवून स्वयंसेवक नेमले जातात, तिथे त्यांनी स्पष्ट नकार द्यावा. पण केरळात घडलं ते उलट. लोक आधी पुढे आले. 2008 साली सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं, असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं, आणि गृहभेटी देणाऱ्या परिचारिकेचा भार ग्रामपंचायती उचलू लागल्या. याचं कारण मला असं दिसतं: बंद दाराआडचं दुखणं गावातल्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलं, की पंचायतीला ते टाळणं अवघड होतं. ज्याने काहीच पाहिलेलं नाही, तो सरकारकडे मागणार तरी काय?

साध्या माणसांना हे जमेल का, ही शंका आपल्याच राज्याने केव्हाच मोडीत काढली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, आणि 39 गावांत नवजात मृत्यूचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. ते काम वेगळं होतं, म्हणून त्याची बरोबरी इथे करत नाही. शिकवण्याने काय होतं, एवढंच त्यातून घ्यावं. परका माणूस घरात कसा घ्यायचा, हीही अडचण खरी आहे, आणि म्हणूनच निवड, ओळख आणि देखरेख हवी, एकट्यादुकट्याची उत्साही भेट नको. मुलं कशाला आहेत, असं विचारणाऱ्यांनी त्या मुलाच्या घरी रात्री कोण जागतं ते पाहावं. बहुधा ती सून असते. स्वयंसेवकांतही बायकाच असतील, तर ओझं एका घरातल्या बाईवरून दुसऱ्या घरातल्या बाईवर सरकेल, बाकी काही नाही. या कामात पुरुष आले पाहिजेत.

2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे लोक 1 कोटी 10 लाखांहून अधिक होते, आणि ही संख्या वाढतेच आहे. आपल्याकडे गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांत हिंडतेफिरते निवृत्त लोक आहेत. घरोघर वर्गणी मागायला जाणारी गणेश मंडळं आहेत; कोणत्या घरात कोण आजारी आहे, हे त्यांच्याइतकं क्वचितच कुणाला ठाऊक असतं. या दोघांनी मिळून आपल्या वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी करावी, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला बोलावून आधी शिकून घ्यावं, आणि कोणत्या वारी कुणाच्या घरी कोण जाणार ते लिहून काढावं. यंदाच्या वर्गणीतून थोडी रक्कम त्यासाठी बाजूला ठेवता येईल.