वाकता येतंय का?

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आम्ही मंडळातल्या सहा-सात जणी ह्यूस्टनहून टेक्सास रेनेसान्स फेस्टिव्हलला गेलो होतो. तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. नसाल गेलात तर सांगते: टॉड मिशन नावाच्या छोट्या गावी 1974 पासून दर शरद ऋतूत, शनिवार-रविवारी ही जत्रा भरते. लाकडी घरं, राजा-राणीची मिरवणूक, घोड्यांवरून भाल्यांच्या झुंजी, हातात टर्कीची तंगडी घेऊन फिरणारे लोक. आणि कपडे! झगे, लेसच्या चोळ्या, मखमली टोप्या, चामड्याचे बूट. टेक्साससारख्या ठिकाणी, घाम निथळत असताना लोकरीचा झगा अंगावर घेऊन हसत फिरणारी माणसं बघून आधी हसू येतं आणि तासाभरात आपल्यालाही तसंच काहीतरी घालावंसं वाटायला लागतं.

आम्हीही भाड्याने कपडे घेतले. माझ्या वाट्याला घोळदार घागरा आणि पुढून दोरीने आवळायची घट्ट चोळी आली. मैत्रिणीने दोरी ओढली आणि पहिल्यांदा माझा श्वास अडकला, मग पाठ ताठ झाली. दिवसभर मी इतकी सरळ चालले की लॅपटॉपपुढे वाकून बसणारी ती मीच का, असं वाटलं. जुन्या कपड्यांची गंमत मला तिथे कळली. फोटो हा त्यातला छोटा भाग. कपडा अंगाला शिकवतो: कसं उभं राहायचं, कसं बसायचं, हात कुठे ठेवायचे. अनोळखी लोक वाकून 'माय लेडी' म्हणतात आणि आपणही नकळत मान डोलावतो. एक दिवस आपण दुसऱ्याच कुणाचं शरीर वापरून बघतो.

अशा जत्रांची सुरुवात 1963 मध्ये कॅलिफोर्नियात फिलिस पॅटरसन या शिक्षिकेने आणि तिच्या नवऱ्याने केली. आपल्याकडे हे नवीन नाही. 6 जून 1674 च्या राज्याभिषेकाची आठवण म्हणून रायगडावर लोक फेटा-अंगरखा घालून, नऊवारी नेसून चढतात. बेळगावात वैशाखातल्या शिवजयंतीला रात्रभर चित्ररथ निघतात. लहानपणी आईबाबांबरोबर मी ते फुटपाथवर उभी राहून पाहिलेत. आमच्या गल्लीतला किराणा दुकानाचा मुलगा त्या रात्री तानाजी व्हायचा आणि पुढचा आठवडाभर चालायचाही तसाच.

तर, टेक्सासमधला तो घागरा-चोळीतला फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकला. मामीने तो आजीला दाखवला. आजी रामनगरला असते, ऐंशी पार केलेली. सगळ्यांनी हार्ट, अंगठे पाठवले. आजीचा मात्र मामीच्या आवाजात व्हॉइस मेसेज आला: "आजी विचारतायत, त्यात वाकता येतंय का?"

वाकता येत नव्हतं. पडलेला मोबाइल उचलायला मला मैत्रिणीला हाक मारावी लागली होती.

त्या प्रश्नावरून डोक्यात आलं, पुढच्या वेळी जत्रेत आजीच्या पद्धतीचं लुगडं नेसून जावं. गुडघ्यापर्यंतचं, लाल चौकड्यांचं, खांद्यावर गाठ मारलेलं कुणबी लुगडं. तसं नेसलेली आजी मी कधी पाहिली नव्हती. आईकडे असलेल्या एकाच काळ्या-पांढऱ्या फोटोत ती तशी दिसते, कडेवर माझा मामा. जानेवारीत भारतात जायचंच होतं. गोव्याला उतरले, मडगावात साडी घेतली आणि मोले, अनमोड घाट चढून रामनगरला पोहोचले.

हा सगळा भाग उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा तालुका. घाट चढला की एकदम गारवा लागतो. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू, मधेच भाताची खाचरं, पुन्हा जंगल. गोव्यातून येणाऱ्याला वाटतं, कोकणीच चालू आहे, बेळगावाकडून येणाऱ्याला वाटतं, मराठीच आहे, पाट्या कन्नड. 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. तालुक्याचं जुनं नाव सुपा. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर सुपा नावाचं गाव होतं, बाजार होता, कचेरी होती. काळी नदीवर गणेशगुडीला 101 मीटर उंचीचं धरण झालं, 1987 मध्ये ते पुरं झालं आणि सुपा पाण्याखाली गेलं. कचेऱ्या जोयड्याला गेल्या. बरीच कुटुंबं रामनगरला वसवली गेली, त्यात आमची आजी.

मी मोठ्या उत्साहाने साडी आजीपुढे ठेवली. तिने बोटांत धरून कापड चोळून पाहिलं.

"पातळ आहे," म्हणाली. मग म्हणाली, "कित्याक जाय तुका?"

जत्रेत नेसायची म्हणून, असं मी सांगितलं. तिने साडीची घडी नीट केली, पिशवीत घातली आणि पिशवी माझ्या हातात दिली. "नाच करायला? त्या पोरी करतात तसा?" एवढं बोलून ती चुलीपाशी गेली. मामीने मला खुणेने गप्प केलं.

त्या पोरी कोण, ते दोन दिवसांनी जोयड्यात कळलं. जानेवारीत तिथे कंदमेळा भरतो. मामी मला घेऊन गेली. रामनगरहून जगलबेट, गणेशगुडी करत बस जोयड्याला जाते. वाटेत धरणाचं पाणी दिसतं, शांत आणि निळं, खाली गाव आहे असं वाटणारही नाही. मेळ्यात पानांवर कंदांचे ढीग मांडलेले होते. कोन, मुडली, चिर्का, काही तर लहान मुलाएवढे. एकेका बाईला वीस-वीस प्रकार ओळखता येत होते: कुठला भाजायचा, कुठला उकडायचा, कुठला खाजरा. जंगलालगतच्या परसात, भाताबरोबर हे कंद लावून वर्ष काढायची रीत इथल्या कुणब्यांनी टिकवून धरली आहे.

विकणाऱ्या सगळ्या बाया साध्या पाचवारी साडीत, ब्लाउज, वर स्वेटर. आणि स्टेजवर कॉलेजच्या मुली लाल चौकड्यांच्या लुगड्यात, खांद्यावर गाठ, आत मॅचिंग ब्लाउज, गाठीला दोन-दोन सेफ्टीपिना. फुगडी सुरू झाली तेव्हा शिट्ट्या वाजल्या, मोबाइल वर झाले. मलाही छान वाटलं. पण मी पाहत होते कंदांच्या ढिगामागे बसलेल्या म्हाताऱ्यांकडे. त्या स्टेजकडे बघून हसत होत्या, तोंडावर पदर घेऊन. कौतुकाने की आणखी कशाने, मला सांगता येणार नाही.

बसमध्ये मामीने एक गोष्ट सांगितली, ती मला नवी होती. गोव्यातल्या कुणब्यांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. घाट ओलांडला की तेच लोक, तेच देव, तीच नाती, पण इकडे तो दर्जा नाही. मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. जमात ठरवताना सरकार 1965 च्या लोकूर समितीच्या खुणा बघतं, आणि त्यातली एक आहे 'वेगळी संस्कृती'. म्हणजे आपण वेगळे आहोत हे दाखवून द्यावं लागतं. "त्यासाठी लुगडं पाहिजे," मामी म्हणाली. "आणि ते तर सगळ्यांनी टाकून दिलंय."

तोवर गोव्यात हीच साडी फॅशन झाली आहे. वेंडेल रॉड्रिक्स या डिझायनरने ती पुन्हा विणून घेतली, रॅम्पवर आणली, आणि आता दुकानात ती पूर्ण लांबीची मिळते. मी घेतली तीही तशीच.

त्या रात्री थंडी होती. आजीने मला जुनी वाकळ दिली. दिव्याखाली पाहिलं तर मधल्या थरात, जिथे वरचं कापड फाटलं होतं तिथे, विटलेल्या लाल चौकड्या दिसत होत्या. मी विचारलं. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने सांगितलं, ते मी इथे माझ्या भाषेत लिहिते, कारण तिची बोली मला नीट लिहिता येत नाही.

आई बेळगावला वसतिगृहात राहून शिकत होती. आजी तिला भेटायला गेली. पिशवीत उकडलेले कोन, थोडे तांदूळ, अंगावर नेहमीचं लुगडं, खांद्यावर गाठ, दंड उघडे. व्हरांड्यात मुली थांबून बघायला लागल्या. कुणीतरी हसलं. तिथल्या एका बाईंनी आईला विचारलं, "घरची मोलकरीण आली का गं?" आई काहीच बोलली नाही. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पिशवी घेतली आणि आत गेली.

"पोरीचा काय दोष," आजी म्हणाली. "सतरा वर्षांची होती." परतीच्या वाटेवर तिने खानापूरला उतरून पोलक्याचं कापड घेतलं. पुढे काही वर्षांत घरच पाण्यात गेलं. सामान बांधताना जुनी लुगडी कशाला न्यायची, म्हणून तिने ती वाकळीत शिवून टाकली.

मला झोप लागली नाही. टेक्सासमध्ये मी तो घट्ट कपडा संध्याकाळी काउंटरवर परत दिला आणि जीन्स घालून गाडीत बसले, म्हणून तर मजा आली. आजीला तिचं लुगडं परत देऊन दुसरी कुणी होता येत नव्हतं. ते काढलं तेव्हा मजेसाठी काढलं नाही. आणि आपण रायगडावर, शिवजयंतीला मावळे होतो, तेव्हा तरी कोण असतो? शिवरायांचे बरेचसे मावळे म्हणजे एरवी शेतात राबणारे कुणबीच. त्यांच्या अंगावर घोंगडी आणि मुंडासं असणार, जरीची मखमल नव्हे. मावळा व्हायला आपल्याला अभिमान वाटतो. त्याच्यासारखा दिसणारा माणूस वसतिगृहाच्या व्हरांड्यात आला, तर आपण काय म्हणू?

सकाळी मी साडी बॅगेत खाली घालून ठेवली. आजीने ती बाहेर काढली.

"ये," म्हणाली. "पण पिन लावायची नाही."

टी-शर्ट आणि लेगिंग्जवरच तिने नेसवायला सुरुवात केली. साडी फार लांब, तिने अर्धीअधिक कमरेत दुमडून घातली. खालचा काठ गुडघ्याच्या जरा खाली. मी तो खाली ओढला, तिने हातावर चापट मारली. "चिखलात लोळवायचाय?" मग पदर काखेखालून पुढे घेतला, दुसरं टोक मागून आणलं आणि खांद्यावर अशी गाठ आवळली की तीन नोव्हेंबरांची आठवण एकदम झाली. पण पाठ मोकळी होती, दंड मोकळे होते.

"वाक."

मी जरा वाकले.

"असं नाही. तरवा लावतात तसं."

मी दोन्ही हात जमिनीला लागेपर्यंत वाकले. बसले, उठले, पुन्हा वाकले. काहीही सरकलं नाही, काहीही सुटलं नाही. दिवसभर चिखलात कंबर मोडून काम करणाऱ्या बाईला पदर सावरायला हात मोकळा नसतो. ती गाठ शोभेची नव्हतीच कधी. ते अवजार होतं, कोयत्यासारखं. चाळीस वर्षांनी गाठ मारताना आजीची बोटं एकदाही अडखळली नाहीत, ते बघताना मला जे वाटलं ते सांगता येत नाही.

"तिकडे कोणी विचारलं, हे काय, तर काय सांगशील?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "माझ्या आजीचं लुगडं."

"आणि आजी काय करायची?"

"भात लावायची."

"मग नेस," ती म्हणाली.

मामीने फोटो काढला. मी तो ग्रुपवर टाकला नाही, फक्त आईला पाठवला, शब्द न लिहिता. बराच वेळ दोन निळ्या खुणा नुसत्या दिसत राहिल्या. मला वाटलं, चूक केली. मग तिचा मेसेज आला.

"गाठ थोडी वर घे. आईची गाठ कायम वर असायची."

गेल्या ऑक्टोबरात मी ते लुगडं नेसून टॉड मिशनला गेले. दोन समुद्री चाचे आणि एका परीने विचारलं, हे कुठलं राज्य? मी सांगितलं, सुपा. आता पाण्याखाली आहे. मग एका बाईची घागऱ्यातली अंगठी पडली, तिला वाकता येईना, ती मी उचलून दिली. यंदा पुन्हा जायचं आहे, आणि आईही येणार आहे. ती काय नेसणार हे अजून तिने सांगितलेलं नाही.