ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड!

‘जगात जर्मनी, देशात परभणी’ असं आमच्याकडचे लोक छाती फुगवून सांगतात. बाकी कशात असो-नसो, एका बाबतीत दोन्हीकडे सारखंच आहे. ऑफिसचा कॉम्प्युटर डोमेनपासून तुटला, की जर्मनीत काय अन् परभणी जिल्ह्यात काय, स्क्रीनवर मेसेज एकाच अर्थाचा येतो : या वर्कस्टेशनची आणि डोमेनची ट्रस्ट रिलेशनशिप फेल झाली!

मागच्या मे महिन्यात ट्रेनिंगसाठी मी जिल्ह्यातल्याच एका ऑफिसात जात होते. बाहेर ४२ डिग्री, आत कूलरची घरघर आणि टेबलावर महिनाअखेरची पगारबिलं. नेमका तेव्हाच बिलं करणाऱ्या काकूंचा पीसी लॉगिन घेईना. काकूंची नोकरी वीस वर्षांची. तरी जो तो येऊन ऐकवून जायचा, “पासवर्ड विसरला असाल”, “काहीतरी दाबलं असेल.” काकू गप्प. शेवटी मला हळूच म्हणाल्या, “कामून गं पोरी, मी तर काहीच दाबलं नाही. ह्याच्यात लिहिलंय तरी काय?”

मेसेज वाचायला मला दोन सेकंद लागले, मराठीत सांगायला दहा मिनिटं! कॉन्व्हेंटमध्ये ‘ट्रस्ट’चं स्पेलिंग पाठ केलं होतं, पण इथे विश्वास कुणाचा आणि कुणावर, हे काकूंना पटेल असं सांगायचं होतं.

तर मित्रांनो, गोष्ट अशी. विंडोज २००० सर्व्हरबरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली. तिच्यात माणसांसारखंच प्रत्येक कॉम्प्युटरचंही खातं असतं आणि त्यालाही पासवर्ड असतो. तो कोणी टाईप करत नाही. पीसी स्वतःच तो साधारण दर ३० दिवसांनी बदलतो आणि सर्व्हरला कळवतो. सकाळी आधी पीसीनं आपली ओळख पटवायची, मग माणसाची पाळी. काकूंचा पासवर्ड बरोबरच होता, पीसीचा चुकत होता.

का? त्याच आठवड्यात हार्ड डिस्क खराब झाली होती आणि नवीन डिस्कवर तीन महिन्यांपूर्वीचा बॅकअप जसाच्या तसा टाकला होता. म्हणजे पीसी तीन महिने मागे गेला, सर्व्हर मात्र पुढेच. पीसी जुना पासवर्ड सांगतोय आणि सर्व्हर म्हणतोय, “कोण रे तू?” एकच नाव दोन पीसींना दिलं तरी हेच होतं; नवा खातं बळकावतो, जुना बाहेर.

गंमत म्हणजे, पीसी सहा महिने कपाटात बंद ठेवला तर नातं तुटतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. पासवर्ड बदलायची सुरुवात पीसीच करतो. तो झोपलेला असेल तर दोन्हीकडे जुनाच पासवर्ड राहतो.

परभणीहून सिस्टिमचे सर आले. पीसी डोमेनमधून काढून पुन्हा जोडणं हा नेहमीचा उपाय. पण त्याआधी लोकल ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड माहीत आहे का ते बघायचं, नाहीतर घराबाहेर आणि किल्ली आत! सरांनी लोकल लॉगिन केलं, आधी घड्याळ तपासलं (सर्व्हरशी पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला तर कर्बेरॉस ऐकत नाही), मग पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-कम्प्युटर-सिक्युअर-चॅनल’ दिलं. उत्तर : फॉल्स. त्यालाच ‘रिपेअर’ जोडून डोमेन ॲडमिनचा पासवर्ड दिला. उत्तर : ट्रू. काकूंचं लॉगिन झालं, बिलं वेळेत गेली.

पण काकूंचं समाधान झालं नव्हतं. “सर, माझ्या हातून झालं नाही, एवढं लिहून द्या.” सरांनी रजिस्टरमध्ये लिहिलं : ‘कारण – जुना बॅकअप. वापरणाऱ्याचा दोष नाही.’ काकूंनी ती ओळ दोनदा वाचली आणि जो तो टोमणे मारत होता त्या सगळ्यांच्या टेबलावर रजिस्टर फिरवून आणलं!

आपण उद्या इंजिनिअर होऊ. रिपेअरची कमांड पाठ करायला एक मिनिट पुरतं. पण बिघाडाचं खरं कारण शोधून ते वापरणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगणं, हेही आपलंच काम आहे. मशीनचा विश्वास एका ओळीत परत येतो. माणसाचा परत आणायला रजिस्टरमध्ये एक ओळ जास्तीची लिहावी लागते, इतकंच.