जुनी जीप भंगारात देण्यापूर्वी

मैत्रिणींनो, जुन्या पाटल्या मोडताना आपण चार सराफांकडे भाव काढतो. मग दारातल्या जुन्या जीपची किंमत एकट्या भंगारवाल्याने का ठरवावी? आमच्या चारकोपच्या इमारतीखाली मामंजींची १९७४ ची महिंद्रा जीप उभी आहे. (महिंद्राचा कारखाना आपल्या कांदिवलीतच, रुळांपलीकडे!) मामंजी गेल्यावर ती सासूबाईंच्या नावावर झाली. हे म्हणाले, “जागा अडते, वजनावर देऊन टाकू.” मी म्हटलं, आधी कागद तर काढा!

२०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नाशी उलटलेली, मूळ रूपातली खाजगी गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदता येते. अशी गाडी रोज बाजारहाटाला काढता येत नाही बरं. प्रदर्शन, रॅली एवढ्यापुरतीच. पण हौशी गिऱ्हाईक शोधतं ते मूळपणच. नवा रंग, चकचकीत चाकं यांवर उगाच पैसे घालू नका. इंजिनावरचा नंबर नोंदणीपुस्तकाशी जुळतो का, ते आधी पाहा. पेट्रोल परवडेना म्हणून कितीकांनी डिझेल इंजिन बसवलं, त्याची नोंद नसली की भाव पडलाच.

आमचं इंजिन मूळचंच निघालं. भंगारवाला परत गेला. आता सासूबाई म्हणतात, “विकायची की नाही, ते मी सांगेन.”