रोजचे ३० ग्रॅम

वजन कमी करण्याचा संकल्प अर्ध्यावर सुटला की त्याचा दोष बहुधा माणसाच्या स्वभावाला दिला जातो. जिभेवर ताबा नाही, चिकाटी नाही, सगळा आरंभशूरपणा, असे निदान घरची मंडळी करतात आणि संबंधित व्यक्तीही ते मुकाट्याने मान्य करते. या निदानात तथ्य अगदीच नाही असे नव्हे. परंतु धीर सुटण्याचे प्रसंग नीट तपासले, तर त्यांपैकी पुष्कळांच्या मुळाशी दुबळ्या इच्छाशक्तीपेक्षा एक चुकीचे गणित असते, आणि ते आहारात पहिला बदल होण्यापूर्वीच मनात पक्के बसलेले असते, असे दिसते.

या गणिताचा सर्वाधिक प्रचलित अवतार १९५८ साली मॅक्स विशनॉफ्स्की या अमेरिकी डॉक्टरांनी मांडला. शरीरातील एक पौंड वजन घटण्यासाठी ३५०० किलोकॅलरींची तूट पडावी लागते, म्हणजे एका किलोसाठी सुमारे ७७००, असा त्याचा आशय आहे. किलोकॅलरी म्हणजे रोजच्या बोलण्यात ज्याला नुसती कॅलरी म्हणतात ते अन्नातील ऊर्जा मोजण्याचे एकक. समजा एखाद्या स्थूल व्यक्तीने रोजच्या आहारातून २४० किलोकॅलरी कायमच्या वगळल्या, म्हणजे अंदाजे तूप लावलेल्या दोन पोळ्या कमी केल्या, तर या हिशेबाने वर्षाकाठी ११ किलोंहून अधिक वजन उतरायला हवे, दुसऱ्या वर्षी आणखी तेवढेच, आणि दहा वर्षांत त्या व्यक्तीचे काहीच शिल्लक राहू नये! हिशेबातील विसंगती अशी ताणल्यावर लगेच लक्षात येते. मात्र पहिल्या वर्षाची अपेक्षा ठरवताना तोच हिशेब निमूटपणे वापरला जातो.

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या संस्थेतील केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात या प्रश्नाची फेरमांडणी केली. शरीर जसजसे हलके होते, तसतसा त्याचा ऊर्जेचा खर्चही उतरतो, कारण लहान शरीर चालवायला, उबदार ठेवायला आणि वागवायला कमी इंधन पुरते; त्यामुळे सुरुवातीला पडणारी तूट आपोआप आकसत जाते आणि अखेरीस उत्पन्न व खर्च पुन्हा समान होतात. त्यांच्या अनुमानाप्रमाणे सर्वसाधारण स्थूल प्रौढाच्या रोजच्या आहारात सुमारे २४ किलोकॅलरींचा कायमचा बदल झाला, तर अंतिमतः वजनात एका किलोचा फरक पडतो, मात्र त्यातला निम्मा फरक पडायला जवळजवळ एक वर्ष लागते आणि ९५ टक्के फरक पडायला तीन वर्षे. म्हणजे दोन पोळ्या सोडणाऱ्या त्या व्यक्तीचे वजन पहिल्या वर्षात ११ नव्हे, सुमारे पाच किलोंनी घटेल. तिने ठरवलेले सगळे निष्ठेने पाळलेले असते, शरीरानेही अगदी अपेक्षित तेच केलेले असते, आणि तरीही वर्षाअखेरी आपण निम्म्याने नापास झालो असे तिला वाटते. एवढा भ्रमनिरास पदरी आल्यावर कोणाची प्रेरणा टिकेल?

घरातला वजनकाटा या गैरसमजात भर घालतो. २४० किलोकॅलरींची तूट म्हणजे अगदी सुरुवातीच्या वेगानेही दिवसाला जेमतेम ३० ग्रॅम चरबी. उलट बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डिजिटल काट्यांचे किमान अंतर १०० ग्रॅमचे असते, आणि जेवण, पाणी, मलमूत्र, घाम, स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीचे चक्र, एवढ्यानेच शरीराचे वजन एक-दोन किलो खालीवर होत राहते. लोणचे-पापडाच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी काटा पुढे सरकलेला दिसतो तो त्या मिठाने धरून ठेवलेल्या पाण्यामुळे. पहिल्या आठवड्यात अनेकांचे वजन झपाट्याने उतरते, त्यामागेही मुख्यतः पाणीच असते: यकृत आणि स्नायू यांत साखरेचा जो साठा असतो त्याला ग्लायकोजेन म्हणतात, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते, आणि आहार कमी होताच हा साठा प्रथम खर्च होऊन ते पाणी बाहेर पडते. या पहिल्या आठवड्याचे कौतुक सर्वत्र होत असले, तरी पुढील निराशेचे बीज त्यातच असते, कारण तिसऱ्या आठवड्यातील खऱ्या घटीची तुलना मग या पाण्याच्या घटीशी होऊ लागते. रोज काट्यावर उभे राहायचेच असेल, तर त्या दिवसाच्या आकड्याकडे दुर्लक्ष करून सात दिवसांची सरासरी काढावी आणि एका महिन्याची सरासरी मागच्या महिन्याशी ताडून पाहावी, हे कंटाळवाणे असले तरी अधिक प्रामाणिक आहे.

गणित सुधारले तरी भूक उरते, आणि तिचे बळ कमी लेखण्यासारखे नाही. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात मिसळते आणि साठा किती आहे याची वार्ता मेंदूला देते. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने त्याचा शोध लावला. चरबी घटली की ही वार्ता क्षीण होते आणि मेंदू भूक वाढवतो. किती वाढवतो, याचा अंदाज २०१६ मध्ये एका चतुर मार्गाने बांधला गेला: मधुमेहावरील एका औषधामुळे लघवीवाटे साखर निघून जाते आणि रुग्णाला ती ऊर्जा गेल्याचे कळतही नाही, तेव्हा अशा रुग्णांच्या वजनातील बदलांवरून त्यांचे खाणे नकळत किती वाढले हे काढता आले. घटलेल्या प्रत्येक किलोमागे ऊर्जेचा खर्च दिवसाला २० ते ३० किलोकॅलरींनी उतरतो, तर भूक सुमारे १०० किलोकॅलरींनी वाढते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. पाच किलो उतरलेली व्यक्ती ताटाकडे अधिक आशेने पाहू लागते, ती तिची नैतिक घसरण नव्हे. तिला तेव्हा लागते ती भूक मोजून केलेली जेवणाची आखणी, म्हणजे पोट भरणारी उसळ, डाळ, भाजी, ताक यांचा वाटा वाढवणे. उपदेशाचा तिला फारसा उपयोग नसतो. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीने भरपाई करण्याची मराठी रीत मात्र या आखणीत कुठेच बसत नाही.

शिवाय समाजाची दृष्टी आड येते. पंगतीत आग्रहाला नाही म्हणणे उद्धटपणाचे ठरते आणि चार किलो उतरताच ‘आजारी होतीस का?’ अशी चौकशी सुरू होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामामुळे या दृष्टीतील दोष ठळक झाला. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे आणि मोजमापे शेजारी शेजारी छापली. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी, विशेषतः पोटाची, दडलेली असू शकते; म्हणूनच येथे कंबरेचा घेर, पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरून, काट्याच्या जोडीने पाहिला जातो. याहून धीर देणारी गोष्ट चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ज्या गटाने आहार आणि व्यायाम यांत बदल केला, त्यात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि तेही वजनात उल्लेखनीय घट न होता. ज्या महिन्यांत काटा जागचा हलत नाही, त्या महिन्यांतील चालणे वाया गेले असे म्हणण्याला मग आधार उरत नाही.

तीन वर्षांनंतर वजनाचा आलेख सपाट होतो आणि सर्वांत अवघड काळ तेथून सुरू होतो, कारण आता उतरण्यासारखे काही नसते, कौतुक करणारेही पांगलेले असतात, आणि वगळलेल्या दोन पोळ्या निरर्थक वाटू लागतात. प्रत्यक्षात उतरलेले दहा किलो त्या दोन पोळ्यांच्या अभावावरच तोललेले असतात. त्या ताटात परतल्या की तेच गणित उलट दिशेने चालू लागते, पहिल्या वर्षात सुमारे निम्मे वजन परत येते, आणि दिवसाला ३० ग्रॅमच्या या वेगामुळे पहिले कित्येक आठवडे काट्यावर त्याची चाहूलही लागत नाही.