मतदारसंघ नव्हे, मतगट म्हणा!

इंटरनेटवरील डोमेन नावांचे नियम ‘आयकॅन’ ही संस्था ठरवते. तिथे मत देणाऱ्या काही गटांना ‘कॉन्स्टिट्युएन्सी’ म्हणतात. कोशात याला ‘मतदारसंघ’ म्हणतात. आम्हाला हा प्रतिशब्द मान्य नाही.

आपल्या जालना जिल्ह्यात मतदारसंघ म्हणजे परतूर, भोकरदन, बदनापूर; म्हणजे भूभाग. आयकॅनमधले गट हितसंबंधांवर बनतात: डोमेन विकणाऱ्या कंपन्या, व्यापारी, बिगर-व्यापारी वापरकर्ते.

मित्रांनो, या शब्दाची किंमत आपला समाज जाणतो. १९३२ च्या जातीय निवाड्यात स्वतंत्र मतदारसंघ होते. पुणे कराराने जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण अंतिम निवड सर्वांच्या मतांवर गेली. आज बदनापूर राखीव आहे. उमेदवार अनुसूचित जातीचा, मतदार सगळे. ‘स्वतंत्र’ आणि ‘राखीव’, दोन्हींपुढे एकच ‘मतदारसंघ’ लागतो आणि तरुणांना फरकच कळत नाही.

म्हणून आम्ही शिबिरांत ‘मतगट’ म्हणतो. हा शब्द ऐकला की कुणीतरी विचारतेच, गट कुणाचा? मत कुणाचे? बिगर-व्यापारी गटात आपली माणसे किती? हे प्रश्न दाबणारा शब्द कितीही रुळलेला असो, तो आपल्या कामाचा नाही.

जय भीम!